बॅगा दाराबाहेर ठेवाव्यात

“आधी वाच, मग हल!”

चौतीस वर्षं झाली, पण तो आवाज अजून माझ्या कानाच्या आत कुठेतरी टांगलेला आहे. आमच्या पाणीपुरवठा कार्यालयातल्या हेडक्लार्कचा तो आवाज. नोकरीच्या पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात मी एक फाइल उचलून शेजारच्या टेबलावर नेली होती. फाइलच्या पाठीवर लिहिलं होतं, ‘हलवू नये.’

त्या दिवसापासून मी लिहिलेलं सगळं वाचतो आणि वाचलेलं सगळं पाळतो. लिफ्टमध्ये ‘फक्त चार व्यक्ती’ असं लिहिलेलं असेल आणि पाचवा कुणी आत आला, तर मी उतरतो आणि जिन्याने जातो. एकदा पाचवा म्हणजे कुत्रा होता, तरी उतरलो. कुत्रा व्यक्ती आहे की नाही, याबद्दल सूचना गप्प होती.

पुढे मीच सूचना लिहिणारा झालो आणि निवृत्त झालो तेव्हा माझ्या नावावर दोन हजारांच्या वर परिपत्रकं होती. आता आमच्या इमारतीतली तीन कुटुंबं पहिल्यांदाच क्रूझवर निघाली आहेत, आणि चिटणीसांनी मला गाठलं. “तुम्ही जाऊन आलात ना, चार व्यावहारिक गोष्टी लिहून द्या. फलकावर लावू.” फलकासाठी एक पान लिहून दिलं. त्यात औषधं जवळ ठेवा, उन्हाची टोपी न्या वगैरे आहे. त्यात जे मावलं नाही ते इथे सांगतो.

सर्वांत पहिली सूचना अशी की घरातला प्रश्न घरात मिटवून मगच जहाजावर पाय ठेवावा. प्रश्न सामानात गेला की वजन वाढतं आणि त्यावर नावाची चिठ्ठी मात्र कुणी लावत नाही.

आमचा प्रश्न एका पत्रातून आला. आमची ही खिडकीपाशी बसून शिवणकाम करते. शेजारणींचे कपडे, शाळेच्या संमेलनांचे पोशाख, राजे, पऱ्या, अस्वलं. मशीन चालवता चालवता दोन ओळी जुळवून गुणगुणायची तिला सवय आहे. भांडण तिला येत नाही. ती दोन ओळी म्हणते, आणि त्या दोन ओळी मला दोन दिवस पुरतात. तर तिला दुसऱ्या शहरातल्या एका नाटक कंपनीचं पत्र आलं. त्यांच्या पोशाखघराची प्रमुख म्हणून एक वर्षासाठी या, राहायची सोय आमची, महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत कळवा. पंधरा तारखेला सोमवार होता.

तिने पत्र माझ्यापुढे ठेवलं. मी दोनदा वाचलं. मग म्हणालो, “बघू.”

ज्यांनी सरकारी नोकरी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, ‘बघू’ म्हणजे खण. कागद खणात जातो, खण बंद होतो, आणि काळ नावाचा शिपाई त्याची विल्हेवाट लावतो. मी पत्रावर पाण्याचा पेला ठेवला आणि जेवायला बसलो. संध्याकाळी खिडकीकडून मशीनच्या तालावर ऐकू आलं:

*प्रश्न माझा टेबलावर, त्यावर पेला पाण्याचा,*
*आमच्या साहेबांचा मुहूर्त उद्या शाई आणण्याचा.*

मला काय वाटत होतं? ते मी माझं मला विचारलंच नाही. एवढंच वाटलं की सोमवारपर्यंत तिचं मन दुसरीकडे वळवलं की झालं. समुद्र मोठा आहे. एवढ्या पाण्यापुढे नाटक कंपनी ती काय! गुरुवारी निघून रविवारी सकाळी परत येणारं, तीन रात्रींचं जहाज मला जाहिरातीत सापडलं.

“जहाज कशाला?” तिने विचारलं.

“तुला समुद्र आवडतो.”

“मला? हे कधी ठरलं?”

“ठरलंय,” मी म्हणालो.

बातमी इमारतभर झाली आणि सल्ल्यांना भरती आली. शेजारच्या काकू लिंबं आणि आलं घेऊन आल्या. “मळमळलं की लिंबू हुंगायचं. आणि झोपताना डोकं जहाज जाईल तिकडे करायचं.”

“आणि जहाज वळलं तर?”

“तर तुम्हीही वळा! त्यात काय, अंथरुणातच आहात ना?”

काकू आयुष्यात कधी तलावातल्या होडीत बसलेल्या नाहीत. पण ज्यांना अनुभव असतो त्यांचे सल्ले अधिक महाग पडतात, हे मला वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी शिकवलं. ते दोनदा क्रूझवर जाऊन आलेत आणि हे ते दाढ कोरताना सांगतात. “खोली मधल्या मजल्यावर घ्या, मधोमध. तिथे हलत नाही. खोलीत प्लग एकच असतो, एक्स्टेंशन बोर्ड न्या. छोटी इस्त्री न्या. चहाची किटली न्या, तिथला चहा म्हणजे कोमट पश्चात्ताप.” माझ्या तोंडात कापूस आणि दोन हत्यारं होती. मी “आँ?” म्हणालो. त्यांनी ते ‘हो’ म्हणून धरलं.

तिकिटं देणाऱ्या बाईंनी ‘समुद्र दिसणारी खोली’ दाखवली. त्या शब्दांपुढे एक बारीक चांदणी होती. मी कुठली चांदणी सोडतोय! पानाच्या तळाशी लिहिलं होतं, ‘दृश्यास अंशतः अडथळा संभवतो.’ वाचलं, आणि निर्धास्त झालो. खरं तर तिथेच सावध व्हायला हवं होतं. ‘पाणीपुरवठा अंशतः खंडित होण्याचा संभव आहे’ हे वाक्य मी स्वतः तीस वर्षं लिहिलं आहे, आणि त्यानंतर नळाला तीन दिवस थेंब आलेला नाही.

बंदरावर पहिला अडसर आला तो फॉर्मचा. ‘गेल्या चौदा दिवसांत उलटी किंवा जुलाब झाले आहेत काय?’ रांगेतल्या सगळ्यांनी न वाचता ‘नाही’वर खूण केली आणि पाखरांसारखे भुर्रकन पुढे गेले. मी आठवलं. मग स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘होय. एकदा. अकरा दिवसांपूर्वी. शिळं खाल्ल्यामुळे.’

आम्हाला एका बाजूच्या खोलीत बसवलं. नर्स आली, तिने ताप पाहिला, जीभ पाहिली, हिचीही पाहिली. अकरा दिवसांपूर्वीचं शिळं नेमकं काय होतं याची नोंद झाली. दोन तास गेले.

“तुम्हाला कुणी विचारलं होतं?” ही म्हणाली.

“फॉर्मने.”

ती छताकडे पाहत राहिली. नर्सने तिच्याकडे पाहून मान हलवली. त्या दोघींमध्ये न बोलता काहीतरी ठरलं, आणि ते माझ्या बाजूचं नव्हतं.

दुसरा अडसर लगेच मागोमाग. मोठी बॅग बंदरावर हमालाकडे द्यायची असते, ती संध्याकाळपर्यंत आपोआप खोलीच्या दाराशी येते. आमची बॅग आली नाही, तिच्याऐवजी एक चिठ्ठी आली: सर्वांत खालच्या मजल्यावर येऊन भेटा. खाली एक लांबट खोली होती आणि तिच्यात खाली माना घालून उभ्या असलेल्या सभ्य गृहस्थांची रांग. प्रत्येकाच्या पुढ्यात उघडी बॅग आणि बॅगेत इस्त्री. जहाजावर तापणारी यंत्रं चालत नाहीत, आगीचा धोका. माझ्या बॅगेतून इस्त्री निघाली, किटली निघाली, एक्स्टेंशन बोर्ड निघाला. अधिकारी एकेक वस्तू वर धरून मोठ्याने नाव घेत होता, आणि मागची रांग टाचा उंच करून बघत होती. मला पावती मिळाली. परत आल्यावर डॉक्टरांना जाब विचारला, तर म्हणाले, “मी न्या म्हणालो होतो, सापडू द्या असं नव्हतो म्हणालो.”

तर ही माझी पार्श्वभूमी. आता योजना. खोलीत शिरल्यावर हिला खिडकीशी उभं करायचं, समुद्र दाखवायचा आणि समुद्राच्या साक्षीने हळूच म्हणायचं की, “हे सगळं सोडून कशाला त्या नाटकवाल्यांच्या नादी लागतेस?” वाक्य मी पाठ केलं होतं. पडद्याची दोरी ओढली.

बाहेर केशरी रंग होता. नुसता केशरी. मला क्षणभर वाटलं मावळतीचं आभाळ असेल. नीट पाहिलं तर त्या आभाळाला खिळे होते. संकटकाळी उतरवायची मोठी होडी, तिचं पोट खिडकीला टेकलं होतं. वरच्या कोपऱ्यात अंगठ्याच्या नखाएवढी निळी फट होती. तो समुद्र. बाकीचा अंशतः अडथळा.

ही पलंगावर बसली, पायाच्या अंगठ्याने सपाता सरकवल्या आणि म्हणाली:

*समुद्र पाहाया आले, पडदा सारून पाहिलं,*
*केशरी होडीचं पोट तेवढं नशिबी राहिलं.*

वाक्य मी गिळलं.

त्या संध्याकाळी आणीबाणीची कवायत झाली. सगळ्यांनी ठरल्या जागी जमायचं, कर्मचारी दाखवतील ते बघायचं, संपलं. लोक हातात सरबतं घेऊन आले होते. मी खोलीतलं माहितीपत्रक वाचून जीवरक्षक जाकीट घालून गेलो, शिट्टी तोंडात धरूनच. जाकीट घातलेला तीन हजारांत मी एकटा. माझ्या शेजारी पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ उभे होते. ते भिंतीला टेकून डुलक्या घेत होते म्हणून मी त्यांना शिट्टी वाजवून जागं केलं आणि शिस्तीचं महत्त्व समजावून सांगितलं. ते निवृत्त न्यायाधीश निघाले. जेवणाच्या टेबलावर आमच्या जागा त्यांच्याच शेजारी होत्या, तिन्ही रात्री.

शुक्रवारचं जेवण म्हणजे उंची कपड्यांचं जेवण. पांढरे टेबलक्लॉथ, मेणबत्त्या, मंद वाद्यं. मी मनात म्हटलं, बोलायचं तर आत्ताच. पण न्यायाधीश बोलत होते, आणि न्यायाधीश बोलत असताना मध्ये बोलणं माझ्या रक्तात नाही. ही त्यांच्या कोटाकडे टक लावून बघत होती. शेवटी न राहवून म्हणाली, “माफ करा हं, तुमची उजवी बाही डावीपेक्षा अर्धं बोट लांब आहे. शिवणाऱ्याने माप घेताना तुम्ही हातात काहीतरी धरलं होतं.”

न्यायाधीशांनी दोन्ही हात पुढे केले. बघितले. “काठी!” ते म्हणाले. “काठी धरली होती! अहो, नऊ वर्षं मी हा कोट घालतोय, कुणाला कळलं नाही. तुम्ही काय करता?”

प्रश्न तिला होता. उत्तर मी दिलं. “काही नाही, घरीच असते. शिवणाची आवड आहे.”

तिने चमचा ताटलीत ठेवला. आवाज असा काही झाला नाही. पण मला तो ऐकू आला, आणि पुढचं गोड येईपर्यंत ती न्यायाधीशांच्या बाहीशी बोलत होती, माझ्याशी नाही.

बरं, बोलायला वेळ मिळाला नाही असंही मी म्हणू शकत नाही. वेळ मला शनिवारी मिळाला. ढीगभर मिळाला. जहाज एका बंदराला लागलं होतं, उतरून गाव बघायचं आणि साडेचारच्या आत परतायचं. नवख्यांसाठी खरी मोलाची सूचना ही की घड्याळ जहाजाच्या वेळेला लावावं, किनाऱ्यावरची वेळ वेगळी असू शकते. उशीर झाला तर जहाज थांबत नाही. हे वाचून मी इतका हबकलो की गावात पाऊण तास काढून हिला घाईघाईने परत आणलं. तेव्हा जहाजाच्या घड्याळात अडीच वाजले होते. आमच्या मजल्याला परत चढायची वेळ साडेतीनपासून दिली होती. जिना रिकामा होता, वर सोडणारा माणूस “या की!” म्हणून हात हलवत होता. पण साडेतीन म्हणजे साडेतीन. आम्ही धक्क्यावरच्या बाकावर बसलो.

पुढे समुद्र. पूर्ण. होडी नाही, न्यायाधीश नाहीत, मेणबत्त्या नाहीत. ऊन पाण्यावर नाचत होतं. ही समुद्राकडे बघत होती आणि वाऱ्याने तिच्या कपाळावरच्या बटा एकेक करून सुटत होत्या.

“परवा सोमवार,” ती म्हणाली.

“हो,” मी म्हणालो. “रविवारनंतर येतोच.”

असं बोलणाऱ्या माणसाला समुद्रात ढकलायला हरकत नव्हती. जागा सोयीची होती, साक्षीदार लांब होता. तिने ढकललं नाही. मी खिशातून जहाजाचं दैनिक पत्रक काढलं आणि तासभर मोठ्याने वाचून दाखवलं. संध्याकाळच्या पत्त्यांच्या स्पर्धेचे नियम, पोहण्याच्या तलावाच्या वेळा, सगळं. साडेतीनला आम्ही चढलो.

त्या संध्याकाळी खोलीत शेवटचं पत्रक आलं. ‘उद्या सकाळी उतरावयाचे आहे. आपले सर्व सामान बॅगेत भरून, जांभळी चिठ्ठी बांधून, बॅगा रात्री अकराच्या आत दाराबाहेर ठेवाव्यात. त्या उद्या बंदरावरील दालनात मिळतील. जवळ फक्त औषधे व कागदपत्रे ठेवावीत.’ वा! किती दिवसांनी इतकी नितळ भाषा वाचली. एकही चांदणी नाही. जेवण झाल्यावर मी रात्रीचे कपडे चढवले आणि बाकी सगळं बॅगेत भरलं.

“उद्याचं काय?” हिने विचारलं.

“उद्याचं सूचनेत नाही,” मी म्हणालो आणि बॅग दाराबाहेर सरकवली. वेळेआधी वीस मिनिटं. त्या रात्री मी तान्ह्या बाळासारखा झोपलो.

सकाळी तोंड धुऊन मी कपाट उघडलं. कपाटात सात हँगर होते आणि त्यांच्यावर काहीही नव्हतं.

‘आपले सर्व सामान’ या शब्दांत पँटही येते हे तेव्हा लक्षात आलं. शर्ट येतो. बूट येतात. माझ्या अंगावर कार्यालयाच्या मोहिमेतला ‘पाणी जपून वापरा’ असं छापलेला टी-शर्ट होता आणि पुतण्याने वाढदिवसाला दिलेली, पिवळी बदकं असलेली अर्धी चड्डी. बदकं मोठी होती. एक तर डोळा मारत होतं.

तेवढ्यात ही न्हाणीघरातून बाहेर आली. नीटनेटकी, वेणीफणी झालेली.

“तुझे कपडे?”

“हातातल्या पिशवीत ठेवले होते.”

“आणि माझे?”

तिने माझ्याकडे वरून खाली पाहिलं, बदकांपाशी जरा थांबली, आणि शेवटी अंगठ्याने पिशवीची चेन ओढत म्हणाली:

*पँट गेली किनाऱ्याला, मालक राहिला पाण्यात,*
*सूचना पाळणाऱ्याचं नाव घ्या हो गाण्यात.*

खोली आवरणारा मधल्या वयाचा माणूस चादरी न्यायला आला होता. त्याने सगळा प्रकार ऐकला आणि दाराची चौकट घट्ट धरली. “साहेब,” तो म्हणाला, “बावीस वर्षं झाली मला या धंद्यात. कपडे घालून उतरा, हे कुणी सूचनेत लिहितं का हो?”

“लिहायला हवं,” मी म्हणालो. मला अजूनही तसंच वाटतं.

खोलीत जहाजाचा पांढरा झगा टांगला होता. त्याच्यावर लिहिलं होतं, ‘खोलीबाहेर नेऊ नये.’ तो मार्ग बंद. ध्वनिक्षेपकावर गट पुकारायला सुरुवात झाली होती. केशरी चिठ्ठी, हिरवी चिठ्ठी. जांभळ्याला तास-सव्वा तास होता. आणि बाहेर जिन्यापाशी न्यायाधीश निरोप घ्यायला उभे असणार. त्यांना मी पहिल्याच संध्याकाळी शिट्टी वाजवून शिस्त शिकवली होती.

“जुना पडदा मिळेल?” हिने आवरणाऱ्याला विचारलं. “टाकून दिलेला. गडद असेल तर बरं.”

मिळाला. गडद निळा, एका कडेने झिजलेला. सोबत तळमजल्यावरचा जहाजाचा शिंपी पण आला, कर्मचाऱ्यांचे गणवेश शिवणारा, गळ्यात टेप, कानावर खडू. बाईमाणूस तासाभरात पडद्याची पँट करते म्हणते, हे बघायला आला होता तो.

“सरळ उभे राहा,” ती मला म्हणाली.

मी राहिलो.

“श्वास सोडा. पोट लपवू नका, नंतर शिवण फाटेल. बोलू नका. हलू नका.”

चौतीस वर्षांत मला एवढे स्वच्छ आदेश कुणी दिले नव्हते. तिने टेप फिरवला, तोंडाने आकडे पुटपुटले, पडदा जमिनीवर पसरला, दोन गुडघे टेकले. “पडद्याच्या गजासाठी नेफा आयताच आहे, कमरेला तोच ठेवू. दोरी आहेच.” शिंप्याची कात्री तिच्या हातात आली आणि कापड असं उघडलं, जसं पाणी होडीपुढे उघडतं. शिंपी दोन मिनिटं उभा राहून पाहत होता. मग तोही खाली बसला. एक पाय तिने घेतला, एक पाय त्याने. सुया चालायला लागल्या. ती गुणगुणत होती, पण या वेळी ओळी माझ्याबद्दल नव्हत्या. ओळीच नव्हत्या, नुसता सूर होता. दारात आवरणारा, त्याच्या मागे शेजारच्या खोलीतलं जोडपं, त्यांच्या मागे आणखी दोघे. मी मधोमध बदकांसकट उभा, आणि माझ्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

अठ्ठावीस वर्षं ते मशीन माझ्या घरात चालू होतं. वर्तमानपत्र वाचताना मी कधी कधी म्हणायचो, “जरा हळू चालव.” तिचे हात काम करताना मी कधी पाहिलेच नव्हते. कपाळाला आठी नाही, घाई नाही. चूक झाली तर दोन टाके उसवून पुढे. ती त्या केशरी पोटाच्या अंधाऱ्या खोलीत अशी बसली होती, जणू ती जागा तिचीच होती आणि आम्ही सगळे तिच्याकडे कामाला होतो.

तिचा पाय आधी झाला. शिंप्याने आपला पाय बाजूला ठेवून तिची शिवण उलटी करून पाहिली, अंगठा फिरवला. “कुठे शिकलात, ताई?”

“शिकले कुठे! एका दुपारी चाळीस मुलींच्या पऱ्या करायच्या असल्या की येतं आपोआप.”

तो माझ्याकडे वळला. “अहो साहेब, अशी कारागीर घरात आहे आणि तुम्ही तिला इथे होडीचं पोट बघायला आणलंत?”

हलू नका, बोलू नका, असा हुकूम होता. त्या दिवशी मी तो आनंदाने पाळला.

‘जांभळी चिठ्ठी’ पुकारली तेव्हा शेवटची गाठ दाताने तोडली गेली. पँट अगदी मापात बसली. पायात रबरी सपाता, वर ‘पाणी जपून वापरा’. जिन्यापाशी न्यायाधीश खरंच उभे होते. त्यांनी टी-शर्ट वाचला, मग नजर खाली नेली आणि मिशी सारखी केली.

“पँट फार छान बसली आहे,” ते म्हणाले. “कुठल्या शिंप्याकडची?”

“हिने शिवली,” मी म्हणालो. “आत्ता. पडद्यातून.”

“मला वाटलंच,” न्यायाधीश म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता तिला वाकून नमस्कार करून गेले.

बंदरावरचं दालन म्हणजे बॅगांचं शेत. रंगारंगाच्या चिठ्ठ्यांच्या ओळी, आणि त्यांच्यामधून आपापलं पीक शोधत फिरणारी माणसं. जांभळ्या ओळीच्या टोकाला आमची बॅग होती. ही तिच्यावर टेकली, पाय लांब केले, बोटं एकेक करून मोडली. सुईने तर्जनीला बारीक बारीक टोचे पडले होते.

मला वाटलं, हीच वेळ. माझं मन मोठं झालं होतं, भरून आलं होतं, आणि भरून आलं की माझी भाषा आपोआप कार्यालयीन होते.

“त्या पत्राबाबत,” मी म्हणालो, “मी पूर्ण विचार केला आहे. तू जायला माझी काही हरकत नाही. उद्या सोमवार आहे. होकार कळवून टाक.”

ती बोटं मोडायची थांबली.

“मी कळवलंय.”

“कधी?”

“तुम्ही पत्रावर पेला ठेवलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. पोस्टात जाऊन आले. एक तारखेला हजर व्हायचंय.”

आजूबाजूला चाकं घरघरत होती. कुणीतरी कुणाला तरी ‘अहो इकडे, इकडे’ म्हणत होतं.

“मग जहाजावर कशाला आलीस?”

“तुम्ही काय म्हणता ते ऐकायला.” तिने मान वर केली. “सही नको होती मला. तीन दिवस बाकावर, टेबलावर, खिडकीपाशी बसून राहिले, की हा माणूस आता बोलेल, मग बोलेल. जा म्हणा, नको म्हणा, ओरडा. पण तुमचं काहीतरी म्हणा. तर तुम्ही मला पत्त्यांच्या स्पर्धेचे नियम वाचून दाखवलेत.”

मी बॅगेची चिठ्ठी वाचली. जांभळी, गट चार, मजला सहा. मागून वाचली. मागे कोरी होती. वाचायला आणखी काही उरलं नव्हतं.

बॅगेवर तिच्या शेजारी जेमतेम जागा होती, तिथे मी टेकलो. पडद्याची पँट गुडघ्यांवर ताणली गेली, पण उसवली नाही.

“मला भीती वाटते गं,” मी म्हणालो. “तुझं मशीन थांबलं की मला झोप येत नाही, म्हणून मी हळू चालव म्हणायचो, थांबव कधी म्हणालो नाही. तू नसलीस, तर ते घर खायला उठेल मला.”

“हेच ऐकायला आले होते,” ती म्हणाली आणि बॅगेवर जरा सरकली.